आठवी ब मधली कंडक्टर

माझा आवाज मोठा आहे. आमची शाळा चिकलठाण्याला, विमानतळापासून फार लांब नाही. डोक्यावरून विमान गेलं की बाकीचे शिक्षक खडू हातात धरून अर्धं मिनिट गप्प उभे राहतात. मी राहत नाही. मी विमानाच्या वर आवाज काढते आणि कविता पुढं नेते. पोरं मागं मला काय म्हणतात ते मला माहीत आहे, इथं लिहीत नाही. रागीट म्हणूनही माझं नाव आहे, आणि माझ्या पोटात काही राहत नाही असंही सगळे म्हणतात. त्यातलं काही खोटं नाही. म्हणूनच त्या बाईनं आपलं गुपित नेमकं माझ्याच पदरात का टाकलं, हे मला अजून उमगत नाही.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली होती. मधल्या सुट्टीत मी डबा उघडला तर दारात आठवी ब मधल्या एका पोरीची आई उभी. मी त्या वर्गाची वर्गशिक्षिका. ही बाई एमआयडीसीत पॅकिंगच्या कामाला जायची, नवरा ठेकेदाराकडं हमाली करायचा. बसा म्हटलं तर बसेना. भिंतीला हात टेकून उभी, आणि एक जिना चढून आल्यानं तिला एवढी धाप लागलेली की मलाच घाबरायला झालं.

"मॅडम, माझ्या हृदयाची झडप खराब झालीय म्हंतेत डाक्टर," ती म्हणाली. "आपरेशन करावं लागंल. लेकीला सांगू नगा. तिला म्या अंगात रक्त कमी हाय म्हणून सांगितलंय. तिची स्कॉलरशिपची परीक्षा व्हऊ द्या, मग मी सांगंल."

"मग मला का सांगताय?" मी विचारलं. बोलणं माझं असं, तोडून.

"उद्या माझं काई झालं तर तुमी ध्यान ठेवाल म्हणून. तिला तुमचा लई लळा हाय."

मी डबा झाकून ठेवला. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, बाई, माझ्याकडून तुमच्या लेकीला काही कळणार नाही. शब्द दिला. हा शब्द पाळायचा होता, बाकी काही नाही.

ऑपरेशन सरकारी योजनेत बसलं होतं. पण त्याच्या आधीच्या तपासण्या, औषधं, आणि नंतर चार-सहा महिने ती कामाला जाणार नाही, घर चालणार कसं? मला झोप लागेना. दोन दिवसांनी मी मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले आणि म्हटलं, सर, यंदा गॅदरिंगला वेशभूषा ठेवू. पालक बघायला येतील, आणि त्यातून मदत गोळा करू. कोणासाठी हे फक्त तुम्हाला आणि मला माहीत. सर भले माणूस, लगेच हो म्हणाले. पालकांना चिठ्ठी गेली ती एवढीच, की शाळेतल्या एका विद्यार्थ्याच्या घरच्या आजारपणासाठी मदत हवी आहे.

त्या बाईला विचारायला मी तिच्या घरी गेले तेव्हा पोर शिकवणीला गेली होती. पत्र्याची खोली, पण भांडी अशी लख्ख घासलेली की आपल्या घरची आठवून लाज वाटावी. ऐकून तिचा चेहरा उतरला.

"मागून खायचं नाय मॅडम. आमच्यात कुणी मागितलं नाय आजवर."

"अहो, मागायचं कुठं आहे? लेकरं नटतील, लोक कौतुकानं देतील. तुमचं नाव कुठं येणार नाही."

"आन तिला?"

"तिला तर मुळीच नाही."

शेवटी तिनं मान हलवली. मग माझ्यासाठी चहा टाकला, साखर जास्तच घातली.

डिसेंबरात कोकणची सहल उरकली आणि गॅदरिंगच्या आधीचे तीन आठवडे शाळेत नुसता धिंगाणा. वेशभूषेचा मला अनुभव आहे, त्यामुळं मी आधीच वर्गावर्गात सांगून ठेवलं होतं की एकसारखे दोघं नकोत. ऐकतंय कोण! पाचवीतून सात मावळे निघाले आणि तलवारी पाच. एक पोर फुलकोबी होऊन आलं आणि दारातून आत शिरेना. मिश्यांचं पाकीट हरवलं म्हणून मी अख्ख्या सहावीला ओरडले, मग ते माझ्याच पर्समध्ये सापडलं. मी कुणाला सांगितलं नाही.

माझ्या वर्गातल्या त्या पोरीनं मात्र एक दिवस येऊन सांगितलं, "मॅडम, मी कंडक्टर होणार. एसटीची लेडी कंडक्टर. आणि नुसती स्टेजवर चालून नाही जाणार. खाली लोकांत फिरून तिकिटं फाडणार. ज्याला जिथं जायचं तिथलं तिकीट, भाडं आपापल्या मनाचं. सगळे पैसे त्या आजारी माणसाला."

 त्या आजारी माणसाला, म्हणे.

आता शहाण्या बाईनं त्याच वेळी नको म्हणायला हवं होतं. मी विचार केला, नको म्हटलं तर पोर विचारील का नको. वर्गात सगळ्यात मोठा आवाज तिचाच, माझ्यानंतर. ती सोडून दुसऱ्या कुणाला काम दिलं तर उलट संशय येईल. आणि खरं सांगू का, मला ती कल्पना फार आवडली होती. दुसऱ्या कुठल्याच शाळेत असं झालं नसतं. माझ्या मनात तेव्हा हेही होतं, लपवत नाही.

आमच्या कॉलनीत एक निवृत्त कंडक्टर राहतात. त्यांनी कपाटातून आपली जुनी चामड्याची बॅग आणि तिकिटाला भोक पाडायचा चिमटा काढून दिला. आता सगळीकडं मशीन आलंय, पण चिमट्याची टकटक मशीनला कुठली यायला? खाकी शर्ट शाळेसमोरच्या टेलरचाचांनी लहान करून दिला. पैसे विचारले तर म्हणाले, "बच्ची का काम है, पैसे नक्को मॅडम." पोरींनी वहीच्या कागदाची तिकिटं कापली, त्यावर गावांची नावं लिहिली. पोर मधल्या सुट्टीत चिमटा वाजवत व्हरांड्यातून फिरायची आणि माझ्याच वर्गात येऊन म्हणायची, "मॅडम, सुट्टे द्या, नाहीतर उतरा खाली."

गॅदरिंग संक्रांतीनंतर. मैदानात मांडव, खुर्च्या भाड्याच्या, तीळगुळाचे डबे. प्रमुख पाहुणे म्हणून एमआयडीसीतले एक कारखानदार बोलावले होते. लहानपणी स्वतः पालिकेच्या शाळेत शिकलेले, साधे. त्यांनी आल्या आल्या आपल्याकडून मोठी मदत मुख्याध्यापकांच्या हातात दिली.

तिसऱ्या रांगेत ती बाई बसली होती, नवऱ्याशेजारी. ठेवणीतली जांभळी साडी नेसून आली होती. धाप लागू नये म्हणून लवकर येऊन बसली होती, हे मला कळत होतं.

पोरीनं शिट्टी मारली आणि मांडवात उतरली. अहाहा, काय ती ऐट! बॅग खांद्याला, टोपी जरा तिरकी, बोटात चिमटा. "चला, गंगापूर, गंगापूर! पुढं सरका, मागं जागा हाय! ओ दादा, खिडकीतून रुमाल टाकून जागा धरू नका!" लोक पोट धरून हसत होते. एका बाईनं अर्धं तिकीट मागितलं तर म्हणे, "बायांना रोज अर्धं हाय, मावशी, आज मात्र फुल्ल!" पालक स्वतःहून हाका मारायला लागले. इकडं पुणे दे, इकडं जालना दे. कोणी दिल्ली मागितली. तिनं तीही फाडली.

मग ती आपल्या आईपाशी आली. ओळखच दाखवली नाही, अगदी पक्की कंडक्टर.

"कुठं जायचं, बाई?"

आईनं पदराची गाठ सोडली. "सोयगाव." तिचं माहेर ते.

"किती तिकिटं?"

"दोन दे. तू बी चल."

"कंडक्टरला तिकीट नसतंय!" पोर म्हणाली, आणि तेवढ्यात तिला हसू फुटलं. आईनं गाठीतली नोट तिच्या बॅगेत टाकली. आजूबाजूच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी स्टेजच्या कडेला उभी होते. माझ्या अंगावर काटा आला आणि डोळे भरले, आणि अशाच भरल्या डोळ्यांनी मी वळले तर शेजारी प्रमुख पाहुणे चहाचा कप घेऊन उभे.

"फार हुशार मुलगी आहे," ते म्हणाले. "मॅडम, एक विचारू? मदत कोणासाठी आहे? मला समाधान म्हणून हो, कुणाला सांगत नाही."

काय झालं मला त्या क्षणी? इतके दिवस मी तोंड शिवून ठेवलं होतं. नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. पण त्या माणसानं एवढं दिलं होतं, इतक्या आदरानं विचारत होता, आणि मला कुणीतरी म्हणायला हवं होतं की बाई, तुम्ही मोठं काम केलंत. मी म्हटलं, "तीच बघा. तिच्याच आईसाठी. हृदयाचं ऑपरेशन आहे. नाव मात्र जाहीर करायचं नाही." एवढं सगळं बोलले. पोरीला माहीत नाही, हे एक वाक्य राहिलं. तेवढ्यात कुणीतरी सांगत आलं की फुलकोबी रडतंय, आणि मी धावले.

पाहुण्यांचं भाषण शेवटी. ते बोलायला उभे राहिले आणि वरून विमान गेलं. ते थांबले. मला वाटतं त्या अर्ध्या मिनिटात त्यांचं मन भरून आलं असावं. विमान गेल्यावर त्यांनी समोरचा कागद घडी करून खिशात ठेवला.

"मी नाव घेणार नाही," ते म्हणाले, "माझ्याकडून तसा शब्द घेतलाय. पण आज या मांडवात एक लेक खाकी घालून फिरली. आपल्याला वाटलं गंमत चाललीय. ती स्वतःच्या आईच्या हृदयाच्या ऑपरेशनसाठी फिरत होती. आई एवढी आजारी, आणि पोर हसत लोकांना हसवत होती. अशी हिंमत मी आयुष्यात पाहिली नाही."  त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

त्यांना वाटलं होतं, तिला माहीत आहे. कुणालाही तसंच वाटलं असतं.

सगळा मांडव उठून टाळ्या वाजवायला लागला. बाया रडत होत्या. पोर स्टेजच्या पायरीवर उभी होती. आपलं कौतुक चाललंय म्हणून तिनं आधीच हसायला सुरुवात केली होती, ते हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि डोळे लोकांवरून फिरत तिसऱ्या रांगेत गेले. आईनं पदर तोंडावर धरला होता आणि मान खाली घातली होती. बापानं लेकीकडं बघितलंच नाही. तिथंच तिला सगळं कळलं.

ती टाळ्यांतून उतरली. बॅग टेबलावर नीट ठेवली, चिमटा वर ठेवला, टोपी काढली. मग खुर्च्यांमधून वाट काढत आईपाशी गेली आणि तिच्या पायाशी जमिनीवर बसली. काय विचारलं मला ऐकू आलं नाही. आईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. थोड्या वेळानं तिघं उठून गेले. चालताना पोरीनं आईचं कोपर धरलं होतं आणि दर चार पावलांवर थांबत होती. आजवर ती आईच्या पुढं पळायची.

वेशभूषेत पहिला नंबर तिचा आला. नाव पुकारलं तेव्हा घ्यायला कुणी नव्हतं.

मी स्टेजच्या मागं गेले आणि त्या भल्या माणसावर जो काही आवाज चढवला! "कुणी सांगितलं होतं तुम्हाला बोलायला? काही अक्कल आहे का?" त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "मॅडम," ते म्हणाले, "मी नाव कुठं घेतलं? आणि तुम्हीच तर सांगितलंत मला." मुख्याध्यापकांनी मला हाताला धरून बाजूला नेलं. खरं होतं त्या पाहुण्यांचं. तरी मी कितीतरी दिवस मनातल्या मनात त्याच माणसाला शिव्या घालत होते, कारण स्वतःला घालायची ताकद नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी त्या पोरीच्या घरी गेले. पोर आत कणीक मळत होती, बाहेर आली नाही. आई बाजेवर टेकून बसलेली. मी हात जोडले. ती हळू म्हणाली, "म्या तुमाला एकच गोष्ट मागितली होती मॅडम." राग नव्हता तिच्या बोलण्यात. राग असता तर बरं झालं असतं, रागाशी मला भांडता येतं. त्या दिवशी चहा झाला नाही.

फेब्रुवारीत स्कॉलरशिपची परीक्षा झाली. पोर आलीच नाही. मी गेटवर पेपर सुरू होईपर्यंत उभी होते. शाळेतही ती अधूनमधूनच यायची. आईनं ज्यासाठी सगळं लपवलं होतं तेच माझ्यामुळं गेलं. मी मनाशी म्हणायचे, निदान मदत तरी पोचली, तपासण्या वेळेवर झाल्या. मार्चमध्ये ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी फार केलं, पण तब्येतच राहिली नव्हती. चौथ्या दिवशी ती बाई गेली. मी मातीला गेले तेव्हा पोरीनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि दुसरीकडं मान वळवली.

जूनमध्ये ती नववीत गेली, माझा वर्ग सुटला. मी तिला टाळायला लागले. ती समोरून आली की मी स्टाफरूममध्ये शिरायची, जिना बदलायची. माझ्यासारखी बाई, जिला अख्खी शाळा घाबरते, ती चौदा वर्षांच्या पोरीला घाबरत होती. असे दोन महिने गेले. मग एक दिवस मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीपाशी आम्ही दोघीच समोरासमोर आलो. पळायला जागा नव्हती. मी म्हटलं, आज बोलायचंच.

"माझं चुकलं गं," मी म्हणाले. "मी त्या पाहुण्यांना सांगायला नको होतं. तुझ्या आईला शब्द दिला होता मी. मी सांगितलं नसतं तर तुला असं सगळ्या लोकांत..."  मी डोळ्याला पदर लावला.

तिनं बाटली भरून घेतली, झाकण लावलं. मग माझ्याकडं बघितलं.

"मॅडम, त्यांनी सांगितलं म्हणून तर मला कळलं," ती म्हणाली. "त्याच्यानंतर मी मम्मीला सोडलंच नाही. रोज तिच्याजवळ झोपत होते. पेपरलापण मीच गेले नाही, मला कुणी अडवलं नव्हतं. दोन महिने मिळाले मला. नाहीतर ते बी मिळाले नसते."

 मी एवढे दिवस ज्याच्यासाठी रडत होते, ते तिनं असं बाजूला ठेवून दिलं.

"त्यांचा मला राग नाही आला," ती म्हणाली. "तुमचा आला. तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"दिवाळीपासून."

"म्हणजे सहलीच्या आधी."

मी तिच्याकडं बघितलं.

"डिसेंबरात कोकणची सहल होती. मी येत नव्हते. मम्मीला दम लागायचा, रात्री उठून बसायची, म्हणून. तुम्ही घरी आलात. मम्मी म्हणाली जा. मी नाही म्हणाले. तर तुम्ही मला म्हणालात, अगं वेडी, रक्त कमी असलं की होतं तसं, बीट खाल्लं की बरं वाटंल तिला, तू चल." तिनं बाटली छातीशी धरली. "मग मी आले. तिथं समुद्रात खेळले. तीन दिवस होते ते, मॅडम."

घंटा झाली. ती वर्गात गेली. तिच्या सहलीचे पैसे मीच भरले होते.